जेलऐवजी दवाखाना: विदर्भातल्या तालुक्यात ही सरकारी सोय कितपत चालते

या सोयीची पाटी कुठल्याच इमारतीवर दिसणार नाही. पोलीस ठाणं आहे, तालुक्याचं कोर्ट आहे, जिल्ह्याला सामान्य रुग्णालय आहे, महिला व बालविकासच्या कार्यालयात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, बंधपत्रावर सुटलेल्यावर देखरेख ठेवणारे) बसतात. मनाने आजारी किंवा व्यसनी आरोपीला जेलात न धाडता उपचाराला लावायचं, हे काम या चौघांनी मिळून करायचं असतं आणि चौघांपैकी एकाच्याही दारावर तसं लिहिलेलं नाही. म्हणून गावाकडे समज असा की अशी काही सोयच नाही. सोय आहे, कायद्यात चांगली ठसठशीत आहे. पण ती मागावी लागते, लेखी मागावी लागते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत मागावी लागते.

हे परीक्षण त्या सगळ्या साखळीचं आहे, एखाद्या ठाण्याचं किंवा दवाखान्याचं नाही. मत आधीच सांगून टाकतो: आतल्या खोल्या बऱ्या आहेत, एका खोलीतून दुसरीत जायचा रस्ता खराब आहे. ठाण्यातून दवाखाना, दवाखान्यातून कोर्ट, कोर्टातून घर. कागद याच वाटेवर हरवतो, आणि कागदामागून माणूसही.

आधी कलम बघा

दारात शिरायचं की नाही ते एफआयआरवरचं कलम ठरवतं. गांजाचं प्रकरण असेल तर वजन बघा. एक किलोपेक्षा कमी गांजा, १०० ग्रॅमपेक्षा कमी चरस, ५ ग्रॅमपेक्षा कमी हेरॉइन, २ ग्रॅमपेक्षा कमी एमडी (मेफेड्रोन) ही 'अल्प मात्रा'. एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांचा कायदा) मध्ये अशा आरोपीसाठी दोन वाटा आहेत. कलम ६४अ: व्यसनी माणूस सेवनाच्या (कलम २७) किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडला आणि सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अर्ध्यात सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९: दोषी ठरल्यावरही लगेच शिक्षा न सुनावता, त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन उपचाराला सोडता येतं, उपचाराचा अहवाल कोर्ट ठरवेल त्या मुदतीत, जास्तीत जास्त एका वर्षाच्या आत, द्यायचा. अहवाल बरा असेल तर समज देऊन, पुढे तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सुटका.

तालुक्याच्या कोर्टात इथे एक चूक होण्यासारखी आहे. अल्प गांजा बाळगल्याचा खटला असतो आणि अर्ज पडतो प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८ खाली. एनडीपीएसच्या कलम ३३ ने त्या कायद्याचं दार १८ वर्षांखालचे आरोपी आणि कलम २६-२७ चे गुन्हे एवढ्यांपुरतंच उघडं ठेवलं आहे. बाळगल्याच्या गुन्ह्यात अर्ज ३९ चाच हवा, नाहीतर तो फेटाळला जाईल आणि एक-दोन पेशा फुकट जातील. तुरीच्या ओळीत गांजाची झाडं लावली असतील तर यातलं काहीच लागू नाही. ती लागवड झाली, तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि तिथे 'थोडीच झाडं होती' हे चालत नाही. दारूचाही या दोन्ही कलमांशी संबंध नाही. तिच्यासाठी वेगळी वाट, ती पुढे येते.

मनोआजाराच्या प्रकरणात दोन प्रश्न असतात आणि लोक ते एकात कालवतात. पहिला, गुन्हा घडला त्या वेळी आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का? हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा प्रश्न, त्याचं उत्तर खटल्याच्या शेवटी लागतं. दुसरा, आज कोर्टात उभं राहून स्वतःचा बचाव करण्याइतका तो शुद्धीवर आहे का? हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ ते ३६९ चा प्रश्न आणि तो पहिल्या पेशीलाच मांडता येतो. घाई दुसऱ्याची करायची. 'साहेब, हा पागल आहे, याला सोडा' एवढं म्हटलं तर दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. आणि स्वतःहून प्यायलेल्या दारूच्या नशेत केलं, हा बचाव नाही. न्याय संहितेच्या कलम २४ मध्ये ते स्पष्ट आहे.

ठाणं: पहिले २४ तास (पाचापैकी दीड)

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही कुणी मुद्दाम न करता. रोज पिणारा माणूस लॉकअपमध्ये बसला की त्याची दारू तुटते. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं. पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो: भिंतीवर किडे चालताना दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, नाडी धावते, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचाराविना यात माणूस दगावू शकतो. आता वेळापत्रक बघा. आरोपीला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. म्हणजे पेशीच्या वेळी तो नुसता थरथरत असतो, आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) होऊन बराकीत पोचल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खरं संकट येतं. ठाण्यात 'नाटक करतो' आणि गावात 'अंगात आलं' म्हणून सोडून दिलेली लक्षणं हीच.

इलाज महागडा नाही. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम, मात्रा उतरवत नेत आठवडा-दहा दिवस. सोबत थायमिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन. क्रम मात्र महत्त्वाचा. आपल्याकडे सलाईन म्हणजे सगळ्यावर उतारा, आणि नातेवाईकच 'ग्लुकोजची बाटली लावा' म्हणून मागे लागतात. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग बाटली.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे ती व्हावीच लागते. ग्रामीण रुग्णालयाच्या त्या कागदावर 'ताज्या जखमा नाहीत' एवढ्यावर भागवलं जाऊ शकतं, म्हणून घरच्या कुणीतरी तिथे हजर राहून डॉक्टरांना सांगावं आणि लिहायला लावावं: शेवटची दारू कधी घेतली, रोज किती, आधी कधी झटका आला होता का, मनाच्या आजाराचं कुठलं औषध चालू आहे आणि ते किती दिवसांपासून तुटलं. जुनी चिठ्ठी असेल तर तिची झेरॉक्स त्याच कागदाला जोडावी. ही एक ओळ कोर्टात पुढच्या दहा अर्जांपेक्षा जड जाते, कारण ती अटकेच्या दिवशीची असते. महिन्याभराने आणलेल्या सर्टिफिकेटवर सरकारी वकील 'आता सुचलं' म्हणणारच.

भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १०० आहे. अशा माणसाला लॉकअपमध्ये किंवा जेलात ठेवता येत नाही, २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. ठाणेदाराला हे कलम तोंडपाठ असेलच असं नाही. अर्जात लिहिलं की ते स्टेशन डायरीत येतं, आणि डायरीत आलं की हालचाल होते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकच करायची गरज आहे का, नुसती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन भागत नाही का, हेही त्याच अर्जात विचारावं. वाचलेली अटक ही सगळ्यात स्वस्त सुटका.

वकील (साडेतीन)

जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला विधी सेवा समिती, आणि आता जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपीचा बचाव करणाऱ्या मोफत वकिलांचं कार्यालय. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ताब्यात असणं हीच पात्रता. १५१०० वर फोन लावता येतो, पण तालुक्याच्या कोर्टात समितीच्या बाबूकडे जाऊन हातात अर्ज देणं जास्त लवकर होतं. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार, ही समजूत बाजूला ठेवावी. अडचण दुसरीच: त्यांच्या फायलीत आजाराचा कागद नसतो, कारण घरचे तो आणून देत नाहीत, आणि घरचे आणून देत नाहीत कारण तो कुणी मागितलेला नसतो.

कोर्ट: हमीपत्राची खोली (चार)

साखळीतला सगळ्यात मजबूत दुवा हाच, म्हणून थोडं सविस्तर.

आरोपी बचाव करण्याच्या स्थितीत नाही असं मॅजिस्ट्रेटला वाटलं की कलम ३६७ प्रमाणे जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी होते. त्यांना आजार दिसला तर ते सरकारी रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. निष्कर्ष मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील आहे. मग कलम ३६९ येतं, आणि गावाकडच्या कुटुंबाने हे एक कलम तरी घट्ट धरून ठेवावं. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, भरती करण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र दोन गोष्टींची हमी देत असेल, तर कोर्ट त्याला जमानतीवर सोडू शकतं. हमी अशी: जवळच्या दवाखान्यात नियमित बाह्यरुग्ण उपचार करवून घेईन, आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची काळजी घेईन. जमानत देण्यासारखं प्रकरण नाही असं कोर्टाला वाटलं किंवा हमी कुणी दिलीच नाही, तर नियमित मनोउपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवायचा हुकूम होतो. नुसत्या बराकीत टाकायचं असं त्या कलमात कुठेही नाही.

हमीपत्र कुणी द्यायचं, यावर घोळ होतो. सरपंचाचा दाखला, पोलीस पाटलाची चिठ्ठी, तंटामुक्ती समितीचा ठराव हे सगळं जोडायला हरकत नाही, पण त्यातलं एकही हमीपत्र होत नाही. सही नाव लिहून जबाबदारी घेणाऱ्या माणसाची लागते. आणि शब्द नेमके हवेत. 'मी त्याची काळजी घेईन' याने काम होत नाही. 'दर महिन्याला अमुक ग्रामीण रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत नेईन, औषध माझ्या हाताने देईन, ओपीडीच्या कागदाची प्रत दर तारखेला हजर करीन' असं लिहिलं तर कोर्टालाही धरायला काहीतरी सापडतं.

जमानतदारासाठी सातबारा आणि तहसीलची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) मागितली जाते. भूमिहीन मजुराच्या घरी सातबारा कुठून येणार? वैयक्तिक जातमुचलक्याची विनंती त्याच दिवशी करावी. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जमानत देता आली नाही तर कायदाच त्याला निर्धन समजतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७८). जो आधीच जेलात अडकून पडला आहे त्याच्यासाठी कलम ४७९: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकांचं काम आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यात येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असले तरी ही सवलत मिळत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ३६९ वर सुटला म्हणजे केस संपली नाही. माणूस बरा झाला की खटला जिथे थांबला तिथून पुन्हा सुरू होतो. कित्येक घरांत यामुळेच बरा झाल्याचा कागद लपवला जातो. तसं करू नये. बरा झालेला माणूस आपल्या वकिलाला खरी हकीकत सांगू शकतो आणि कलम २२ चा बचाव तेव्हाच नीट उभा राहतो.

त्या बचावावर सुटला तरी कोर्ट त्याला 'सुरक्षित ताब्यात' ठेवू शकतं किंवा नातेवाइकांच्या हवाली करू शकतं. नातेवाईक पुढे आले नाहीत की ताबा लांबत जातो. आसामात १९५१ साली पकडलेला एक माणूस खटला न चालताच ५४ वर्षं आत राहिला आणि २००५ मध्ये सुटला. म्हणून ताब्याच्या हुकुमाची पुढची तारीख वहीत लिहून ठेवणं हे नातेवाइकाचं काम, दवाखान्याचं नाही.

परिविक्षा अधिकारी (अडीच)

मारहाण, छोटी चोरी, घरात घुसणं अशा गुन्ह्यांत (फाशी-जन्मठेपेचे सोडून) १९५८ च्या कायद्याचं कलम ४ कामाचं आहे. शिक्षा न देता तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सुटका, सोबत किमान एक वर्षाची देखरेख. उपचार चालू ठेवण्याची अट त्यात टाकता येते. कलम १२ मुळे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पोलीस भरतीची किंवा अंगणवाडीच्या नोकरीची आशा असलेल्या घरांना हे सांगणारं कुणी भेटत नाही. आधीच नोकरीत असलेल्याची खात्याची कारवाई मात्र यामुळे टळत नाही.

देखरेख ज्यांच्याकडे ते अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. धारणीहून अमरावतीला घाट उतरून जायचं. कोर्टाला द्यायच्या अहवालासाठी त्यांची गृहभेट झाली तर उत्तम, नाहीतर घरच्यांनीच जाऊन माहिती द्यावी: राहायला जागा, करायला काम, औषध कोण देतं, ज्याला मारलं त्याच्याशी आता कसं आहे. शेवटच्या मुद्द्यावर खोटं बोलू नये. अहवाल पुढे त्याच गावात तपासला जातो.

दवाखाना (तीन, औषधासाठी चार, कागदासाठी दोन)

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि नर्स असा चमू असतो आणि तो ठरलेल्या दिवशी तालुक्याला ओपीडी घेतो. औषधं मोफत. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नागपुरात मेडिकल आणि मेयो. भरती लांबणार असेल तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. मधल्या दिवसांत काही अडलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, व्यसनासाठी १४४४६.

उपचार ठीक, कागद कच्चा. कोर्ट विचारतं: हा आरोप समजू शकतो का, वकिलाला माहिती देऊ शकतो का, भरतीची गरज आहे का? दवाखान्याचं उत्तर येतं: 'स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्ण, उपचार चालू.' दोन्ही खरं, पण सांधा जुळत नाही, आणि मॅजिस्ट्रेट पुन्हा पत्र पाठवतात. तीन महिने असेच जातात. उपाय सोपा आहे: वकिलाने प्रश्न क्रमांक घालून लिहावेत, कोर्टाच्या पत्रासोबत जोडावेत आणि डॉक्टरांना प्रत्येक क्रमांकापुढे उत्तर मागावं. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड हे या प्रश्नांचं उत्तर नाही. ते पेन्शन आणि बसच्या सवलतीसाठी.

लघवीच्या तपासणीवरही घोटाळा होतो. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतरही तीन-चार आठवडे अंश सापडू शकतो. विसाव्या दिवशीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे त्याने पुन्हा ओढला असं नाही. रिपोर्टवर शेवटच्या सेवनाची तारीख लिहून घ्यावी.

आता औषध तुटण्याबद्दल. पेरणीत आणि कापूस वेचणीत ओपीडी चुकते, मजुरी बुडवून कोण जाणार? रोजच्या गोळीची शाश्वती नसेल तर डॉक्टरांना लांब मुदतीच्या इंजेक्शनबद्दल विचारावं. फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन साधारण दोन ते चार आठवड्यांनी द्यायचं असतं, आणि त्याचं कार्ड कोर्टात आपोआप पुरावा होतं: तारीख, सही, शिक्का. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाने काहीच सिद्ध होत नाही.

विदर्भाचा उन्हाळा हा यातला न बोलला जाणारा आरोपी. लिथियम (मनःस्थितीच्या चढउतारांवरचं औषध) चालू असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली पातळी वर चढते; पारा ४५ वर गेलेला, त्यात अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक घेतलं, की भर पडते. पाय लटपटतात, बोबडी वळते, उलट्या-जुलाब होतात, हात जोरात थरथरतात. लांबून बघणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात त्याला पकडून नेलं तर नवल नाही. खरं तर त्याला ताबडतोब रक्ततपासणी हवी असते, ०.६ ते १.० ही नेहमीची पातळी, १.५ च्या वर धोका. मार्च ते जून लिथियमवाल्याच्या खिशात तशी चिठ्ठीच असावी. ट्रायहेक्सिफेनिडिल (मनोविकाराच्या औषधांनी येणाऱ्या ताठरपणा-थरथरीवरची गोळी) घेणाऱ्यांना घाम कमी येतो, त्यांना उष्माघात लवकर गाठतो. दुपारी शेतात पाठवणं बंद.

व्यसनमुक्ती केंद्र: इथे सावध (दोन)

सरकारी अनुदानावरची एकात्मिक व्यसनमुक्ती पुनर्वसन केंद्रं आणि सरकारी रुग्णालयातला उपचार, दोन्ही मोफत. गडचिरोली जिल्ह्यात मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्ती अभियानाचं काम गावपातळीपर्यंत पोचलेलं आहे. दारू सोडण्यासाठी तिथे जाणं सोपं. पण कलम ३९ किंवा ६४अ साठी संस्था 'सरकारी किंवा मान्यताप्राप्त' असल्याचा कागद हवा, संस्था कितीही नावाजलेली असो. भरतीच्या आधीच तो मागून घ्यावा. नंतर कळलं की मान्यता नाही, तर सहा महिन्यांचा उपचार कोर्टाच्या हिशेबात शून्य.

खासगी केंद्राची पारख अशी: मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा क्रमांक दाखवतात का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, पहिल्या दहा दिवसांत झटका आला तर कुठे नेतात, घरच्यांना फोन करू देतात का. 'दोन महिने भेटायचं नाही' म्हणणाऱ्या जागेतून त्याच पावली परत यावं. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, मग ते केंद्र असो की एखादं देवस्थान.

डायसल्फिरामची गोळी (साधारण २५० मिलिग्रॅम; ती चालू असताना दारू प्यायली तर त्रास होतो) फक्त त्याला सांगून, त्याच्या संमतीने. आठवडी बाजारातली 'दारू सोडवायची पुडी' चहात कालवणं हा उपाय नाही. पुडीत काय आहे कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्यात डायसल्फिराम निघालं तर वरून दारू पडल्यावर रक्तदाब कोसळू शकतो. गोळी चालू असताना खोकल्याच्या काही औषधांतलं अल्कोहोलही पुरेसं होतं.

दारूबंदीचा पेच

वर्धा आणि गडचिरोली हे बंदीचे जिल्हे. चंद्रपुरातली २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गोंधळ घालण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे, तशीच पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर. कृषिपंपाची केबल, तुरीचं पोतं, व्यसनापायी होणाऱ्या चोऱ्या बहुधा याच मापाच्या असतात. पण समाजसेवा फक्त त्या संहितेतल्या मोजक्या सहा कलमांपुरती. तोच माणूस दारूबंदी कायदा, १९४९ खाली आला तर ही शिक्षा उपलब्ध नाही. म्हणजे व्यसन ज्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त गुन्हा ठरतं, तिथे हा नवा पर्याय सगळ्यात कमी मिळतो. रचनाच तशी आहे, ठाणेदाराला दोष देऊन उपयोग नाही. मार खाणाऱ्या बायकोच्या घरी तर समाजसेवेने काही भागतच नाही.

आणि हाच या सगळ्या सोयीचा सर्वात मोठा दोष. हमीपत्रावर सही कुणाची? बहुधा आईची किंवा बायकोची. औषध देणार ती, बसचे पैसे काढणार ती, तो बिघडला तर कोर्टात उभी राहणार ती. ज्या बाईला त्याने मारलं आहे तिच्याच हवाली त्याला करणं हा उपचाराचा पर्याय म्हणता येत नाही. तिने आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश मागावा. हमी दीर-भावाने घ्यावी, आरोपीने दुसऱ्या छताखाली राहावं. वकील घाईत असतो, तो हे सुचवेलच असं नाही.

अमेरिकेत मायामीला १९८९ मध्ये व्यसनींसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं. तिथे न्यायाधीश आरोपीला वरचेवर समोर बोलावतात, लघवीचे रिपोर्ट बघतात, विचारपूस करतात. आपल्याकडे तसं वेगळं कोर्ट नाही आणि तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोरचा रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघता ते लगेच होणारही नाही. पण पेशीची तारीख ओपीडीच्या दुसऱ्या दिवशीची मागता येते. अर्जात कारण लिहिलं तर बहुतेक न्यायालयं देतात, आणि एका फेरीत दवाखाना नि कोर्ट दोन्ही उरकतात.

तारखेला जाताना पिशवीत इतकं असावं: ओपीडीचा मूळ कागद आणि दोन झेरॉक्स, इंजेक्शनचं कार्ड, अटकेच्या दिवशीच्या वैद्यकीय तपासणीची नक्कल, हमीपत्राची प्रत, मान्यतेचं पत्र, आणि त्या दिवसाची दुपारची गोळी. पेशी पाच वाजेपर्यंत लांबते, आणि कोर्टाच्या आवारात पाण्याची सोय असेलच असं नाही, तेव्हा बाटलीही.